नाणे वाजवून घ्यावे, पण त्याआधी तोलून

जुनी नाणी विकणारा माणूस नाणे आपल्या तळहातावर ठेवतो, तेव्हा राणीचा किंवा राजाचा मुखवटा हटकून वरच्या बाजूला असतो. आपली नजर त्या मुखवट्यावर असतानाच तो नाण्याची हकिकत सांगू लागतो: आजीच्या पेटीत होते, वाडा पाडताना भिंतीत मिळाले, अमुक संस्थानिकाच्या खजिन्यातले आहे. नाण्याची पारख मात्र याच्या नेमक्या उलट क्रमाने करावी लागते. आधी वजन, मग कड, मग अक्षरे आणि साल, त्यानंतर पृष्ठभाग, आणि मुखवट्याकडे सर्वांत शेवटी पाहावे. हकिकतीचा विचार भाव ठरवताना करूच नये.

हा क्रम मी पुस्तकातून शिकलो नाही. सुरुवातीच्या काळात १८६२ सालचा एक राणीछाप रुपया मी एका विक्रेत्याकडून केवळ त्याच्या चेहऱ्यावर भाळून घेतला होता. केसांच्या रेषा स्पष्ट होत्या, मुकुट नीट उठलेला होता, आणि रंग जुन्या चांदीसारखा काळसर होता. काही दिवसांनी पुण्याच्या रविवार पेठेतल्या ओळखीच्या एका वयस्कर सराफांना तो कौतुकाने दाखवला. त्यांनी भिंग लावले नाही, वर-खाली पाहिलेही नाही. बोटाच्या टोकावर रुपया तोलून धरला, दुसऱ्या रुपयाने त्याच्या कडेला हलकेच टिचकी दिली आणि म्हणाले, “अहो, हा बोलत नाही.” मग त्यांनी तो काट्यावर ठेवला. काट्याने १०.२४ ग्रॅम दाखवले, आणि माझ्या रुपयाची परीक्षा तिथेच संपली.

काटा, भिंग आणि पाण्याची वाटी

त्या परीक्षेला ११.६६ हा एकच आकडा पुरला. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरवला, त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम होते आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी होती. जुना तोळाही इतक्याच वजनाचा. आजचे सराफ तोळा म्हणजे दहा ग्रॅम धरतात, त्यामुळे ‘रुपया तोळाभर असतो’ हे घरातल्या वडीलधाऱ्यांचे वाक्य आजच्या हिशेबाने ऐकल्यास घोटाळा होतो. अधेली ५.८३ ग्रॅम, पावली २.९२ ग्रॅम आणि चांदीची चवली १.४६ ग्रॅम, असा पुढचा सरळ अर्ध्या-अर्ध्याचा हिशेब आहे. वापरात झिजलेला रुपया ११.५ किंवा ११.४ ग्रॅम भरू शकतो, पण मग तो झिजलेला दिसलाही पाहिजे. अक्षरे तीक्ष्ण आहेत, केस मोजता येतात आणि वजन मात्र ग्रॅमभर कमी आहे, असे कधी होत नाही. माझ्या रुपयात हीच विसंगती होती, आणि ती पाहायला काटा सोडून दुसरे काही लागले नसते.

त्यामुळे पहिली खरेदी नाण्याची न करता काट्याची करावी. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा, खिशात मावणारा इलेक्ट्रॉनिक काटा आता स्वस्तात मिळतो. त्याच्यासोबत प्रमाणित वजन घ्यावे आणि बाजारात जाण्याआधी काटा त्या वजनावर तपासावा. दहापट मोठे दाखवणारे भिंग, जाडी-व्यास मोजण्याचे व्हर्निअर कॅलिपर आणि लहानसे लोहचुंबक एवढी सामग्री बरोबर असली की पुरते. विक्रेत्यासमोर काटा काढायला संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. पण चोख माल विकणारा व्यापारी त्याने कधी नाराज होत नाही. तो बहुधा आपलाच काटा पुढे सरकवतो.

चुंबकाची परीक्षा सोपी आहे, तरी तिचा अर्थ नीट लावावा लागतो. चांदी, तांबे, सोने आणि शिसे चुंबकाला चिकटत नाहीत, त्यामुळे ‘चांदीचा’ म्हणून दाखवलेला रुपया चिकटला तर तो तिथेच परत द्यावा. परंतु १९४७ चा, मागे वाघ असलेला रुपया निकेलचा आहे आणि तो चिकटतो. तो चिकटला नाही तरच शंका घ्यावी. उलट, चिकटत नाही म्हणून एखादे नाणे चांदीचे ठरत नाही, कारण पितळ आणि जर्मन सिल्व्हरही (तांबे, निकेल व जस्त यांचे मिश्रण) चिकटत नाहीत.

घरी आल्यावर, किंवा विक्रेता ओळखीचा असेल आणि नाणे परत करण्याची मुभा देत असेल तर त्या मुदतीत, पाण्याची परीक्षा करावी. काट्यावर पाण्याची छोटी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणावा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही, अशा बेताने पाण्यात सोडावे. काटा आता जो आकडा दाखवेल तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन होय. कोरड्या नाण्याच्या वजनाला त्या आकड्याने भागले की धातूची सापेक्ष घनता मिळते. शुद्ध चांदीची घनता १०.४९ आहे, रुपयाच्या चांदीची १०.३ च्या आसपास येते, तांब्याची ८.९६ आणि शिशाची ११.३४ आहे. खरा रुपया ११.६० ग्रॅम भरला तर पाण्यात १.१२ दाखवतो, म्हणजे घनता साधारण १०.३६ येते. माझ्या १०.२४ ग्रॅमच्या रुपयाने पाण्यात १.१९ दाखवले, म्हणजे घनता ८.६ आली. हा आकडा जर्मन सिल्व्हरच्या घरात जातो, आणि त्या मिश्रणात नाव सोडले तर चांदी अजिबात नसते. दोऱ्याला चिकटलेले बुडबुडे मात्र झटकून टाकावेत, नाहीतर आकडा फसवतो. चवलीसारख्या लहान नाण्यावर ही परीक्षा करू नये. तिथे पाण्याचा आकडा ०.१४ इतका लहान येतो, आणि काट्याच्या शेवटच्या अंकातली चूक सगळ्या हिशेबावर पाणी फिरवते.

यातली खुबी अशी आहे की बनावट करणारा एक गोष्ट साधायला गेला की दुसरी त्याच्या हातून सुटते. हलक्या धातूत वजन जमवायचे तर नाणे सुमारे वीस टक्के जाड करावे लागते, आणि ते कॅलिपरला कळते. जाडी जमवली तर वजन घटते. शिसे मिसळून वजन आणि जाडी दोन्ही जमवली तर आवाज बद्द येतो. म्हणून ‘नाणे वाजवून घ्यावे’ हा जुना सल्ला आजही खरा आहे. मात्र वाजवायचे म्हणजे फरशीवर आपटायचे नाही, त्याने कड ठेचली जाते. बोटाच्या टोकावर नाणे मोकळे धरावे आणि दुसऱ्या नाण्याने कडेला हलका स्पर्श करावा. चांदीचा स्वर उंच असतो आणि क्षणभर रेंगाळतो. हलक्या धातूचा आवाज लगेच विझतो. तडा गेलेले खरे नाणेही बद्द वाजते, त्यामुळे केवळ आवाजावरून निकाल देऊ नये.

या सगळ्या परीक्षा धातूच्या आहेत, आणि त्या नेहमीच्या, स्वस्त नाण्यांसाठी पुरतात, कारण स्वस्त नाण्याची नक्कल करणारा चांदीवर खर्च करत नाही. दुर्मीळ नाण्याची गोष्ट वेगळी. १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया विरळा आहे आणि त्याला फार मोठी किंमत येते. त्याची नक्कल करणाऱ्याला खरी चांदी वापरणे सहज परवडते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे १९३८ चा खरा रुपया घेऊन त्यातल्या आठाचा नऊ करणे. अशा नाण्याचे वजन, घनता, आवाज सारेच चोख येते. तिथे भिंग शेवटच्या अंकावर धरावे, त्या अंकाच्या बुडाशी हत्याराचे ओरखडे, धातूचा वेगळा रंग किंवा खोलगट झालेली जमीन (अंकाभोवतीचा सपाट भाग) दिसते का ते पाहावे, आणि तरीही खात्री नसेल तर घेऊ नये.

कड

नाण्याची कड पाहण्याची सवय फार थोड्यांना असते, आणि बनावट करणाऱ्यालाही हे ठाऊक असते. साच्यात ओतून केलेल्या नाण्याच्या कडेवर, दोन साचे जिथे जुळतात तिथे, एक बारीक रेघ राहते. ती कानशीने घासून काढली असेल तर घासल्याच्या खुणा राहतात. टांकसाळीतल्या रुपयाच्या कडेवरचे दाते सारख्या अंतरावर, सरळ आणि तळापर्यंत धारदार असतात, तर ओतीव नाण्यावर ते मध्येच पुसट होतात. १९४० मध्ये चांदी निम्म्यावर आल्यानंतर निघालेल्या रुपयांच्या कडेला मधोमध एक नक्षीची खोबण आहे. ती बनावट रोखण्यासाठीच घातली होती. १९४० ते १९४५ या सालांचा रुपया या खोबणीशिवाय दिसला तर आधी कारण शोधावे.

कडेवर आणखी एक गोष्ट पाहायची असते, ती खास आपल्या घरांतली. पुष्कळ रुपये आणि मोहरा एके काळी कडी झाळून गळ्यात घातल्या गेल्या. पुढे कडी काढून, जागा घासून तेच नाणे ‘जसेच्या तसे’ म्हणून विकायला येते. मुखवटा उभा धरून डोक्याच्या बरोबर वरची कड भिंगाखाली फिरवावी. तिथे दाते सपाट झालेले असतील, झाळकामाचा फिकट ठिपका असेल किंवा बुजवलेले छिद्र असेल, तर नाणे खरे असूनही त्याची संग्राहकांमधली किंमत बरीच उतरते. चांदीच्या भावाने ते घ्यायला हरकत नाही.

हाताने ठोकलेली नाणी: शिवराई आणि अंकुशी

यंत्राच्या नाण्यांचे नियम इथे अर्धेच लागू पडतात. पुणेकर संग्राहकाचे पाय मात्र सर्वांत आधी याच नाण्यांकडे वळतात, म्हणून इथे थोडे थांबले पाहिजे.

शिवराई हा तांब्याचा पैसा. एका बाजूला ‘श्री / राजा / शिव’ अशा तीन ओळी आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र / पति’ अशा दोन ओळी, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर ही नाणी सुरू झाली, आणि महाराजांच्या पश्चात पेशवाई संपेपर्यंत व त्यानंतरही काही वर्षे त्याच नावाने, त्याच मजकुराने निघत राहिली. बाजारात मिळणाऱ्या बहुसंख्य शिवराया या अशा उत्तरकाळातल्या आहेत. विक्रेता प्रत्येक शिवराई ‘महाराजांच्या हातची’ म्हणून विकतो, आणि आपल्यालाही तसे वाटून घ्यायला आवडते, तिथेच पैसे जास्त जातात. दोन ओळींच्या मध्ये जोडरेघ असलेली दुदांडी शिवराई तर उघड उघड उत्तर पेशवाईची आणि नंतरची आहे. सुरुवातीच्या शिवरायांचे अक्षर ठसठशीत असते, ठिपक्यांचे वर्तुळ काळजीने कोरलेले असते, आणि वजन सहसा भरपूर असते. पुढेपुढे अक्षरे बोजड होत जातात, शब्दांची लेखनपद्धती बदलते, काही ठशांवर तर कोरणाऱ्याला अक्षर येत नसावे असे वाटते. हे सारे वाचून उमगत नाही. पन्नास-शंभर शिवराया हातात घेऊन पाहाव्या लागतात, आणि त्यांतल्या निम्म्या तरी झिजलेल्या, स्वस्तातल्या असाव्यात. झिजलेल्या नाण्यावरचे अर्धे अक्षर ओळखता येऊ लागले की पूर्ण अक्षरातली नक्कल आपोआप खटकते.

होन या सोन्याच्या नाण्याबद्दल एवढेच सांगतो की खरा शिवकालीन होन अत्यंत दुर्मीळ आहे आणि तो आपल्याला रस्त्यावर मिळणार नाही. मुलामा दिलेल्या प्रतिकृती मात्र सर्वत्र मिळतात. प्रतिकृती म्हणून घेतल्या तर त्यात वाईट काही नाही.

पेशवाईतला पुण्याचा रुपया म्हणजे अंकुशी. त्यावर मजकूर फारसी लिपीत आणि मोगल बादशहाच्या नावाने असतो. पुण्याच्या टांकसाळीचे नावही औरंगजेबाने दिलेल्या ‘मुहियाबाद’ या रूपात येते. नवख्या माणसाला हे पाहून नाणे मराठ्यांचे नाहीच असे वाटते. खूण असते ती हत्तीच्या अंकुशाची, आणि तीवरूनच रुपयाला नाव पडले. चांदवडी, अंकुशी आणि इतर अनेक टांकसाळींचे रुपये एकाच वेळी बाजारात फिरत असत. त्यांचा कस वेगळा, त्यामुळे भावही वेगळा. सराफ एका रुपयाच्या बदल्यात दुसरा देताना जी कपात करीत, तिला बट्टा म्हणत. नावाला लागणारा बट्टा आपण याच शब्दातून ओळखतो.

हाताने ठोकलेल्या नाण्याचा ठसा बहुधा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर ठशाचा वेगळा तुकडा उमटतो. एकावर अंकुश पूर्ण दिसतो आणि साल कापले जाते, दुसऱ्यावर उलटे होते. चकतीचा आकार, कडेच्या चिरा, ठोक्याचा कल यांतले काहीच दुसऱ्या नाण्याशी तंतोतंत जुळत नाही. यावरून बनावट ओळखण्याची सर्वांत भरवशाची रीत मिळते. एकाच विक्रेत्याकडे दोन अंकुशी रुपये असतील आणि दोघांवरही चीर त्याच जागी, ठसा तेवढाच सरकलेला, खड्डाही तोच असेल, तर ते एकाच नाण्याचा साचा घेऊन ओतलेले आहेत. माझ्यासमोर एकदा असे तीन रुपये एका डबीत होते. एकेकटा पाहिला असता तर मी त्यांतला कोणताही घेतला असता.

साच्यात ओतलेल्या नाण्याचा पृष्ठभाग भिंगाखाली साबणासारखा गुळगुळीत दिसतो, त्यावर सुईच्या टोकाएवढी छिद्रे असतात, आणि अक्षर जिथे जमिनीला मिळते तो कोपरा गोलसर असतो. ठोकलेल्या नाण्यावर तो कोपरा तीक्ष्ण असतो आणि धातू बाहेरच्या दिशेने ओढला गेल्याच्या बारीक रेषा दिसतात. सराफांनी तपासणीसाठी मारलेले छोटे टोले पेशवाईतल्या रुपयांवर वारंवार आढळतात. त्यांनी देखणेपणा थोडा कमी होतो, पण मी त्यांना दोष मानत नाही. ते नाणे त्या काळी कोणा पारख्याच्या हातून गेले होते, एवढे तरी त्यांवरून कळते.

साल आणि अक्षरे

वजन आणि कड कसोटीला उतरल्यावर मजकूर वाचावा. इथे इतिहासाच्या चार-पाच गोष्टी माहीत असल्या की पुष्कळ खोटी नाणी बोलण्याआधीच बाद होतात. १८३५ पासूनच्या कंपनीच्या रुपयांवर दोनच साले आढळतात, चौथ्या विल्यमच्या मुखवट्यासह १८३५ आणि व्हिक्टोरियाच्या मुखवट्यासह १८४०. त्यानंतर एकदम १८६२ येते, आणि तिथून कंपनीचे नाव जाते. १८६२ चाच आकडा पुढची अनेक वर्षे ठशावर कायम ठेवला होता, त्यामुळे ते साल असलेले रुपये विपुल आहेत आणि केवळ सालासाठी जास्त पैसे मोजू नयेत. १८७६ पर्यंतच्या रुपयांवर व्हिक्टोरियाचा उल्लेख ‘क्वीन’ असा आहे आणि १८७७ पासून ‘एम्प्रेस’ असा. १८८५ साल आणि ‘क्वीन’ हा शब्द एकाच रुपयावर दिसले तर पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही. सातवा एडवर्ड मुकुटाशिवाय आहे, पाचवा जॉर्ज मुकुटासह आहे. १९११ च्या पाचव्या जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला आणि १९१२ पासून ठसा बदलला, म्हणून त्या एका सालच्या रुपयाला वेगळी मागणी आहे.

फारसी मजकुराच्या नाण्यांवरचे साल वाचायला एका दुपारचा अभ्यास पुरतो. तिथे शून्य म्हणजे नुसता ठिपका, पाच हा उलट्या बदामासारखा, सात ही वर उघडी फाट आणि आठ तीच उलटी. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवले की इसवी साल जवळपास कळते. मात्र कंपनीच्या आणि मराठ्यांच्या टांकसाळी कित्येकदा जुनेच साल, जुन्याच बादशहाचे नाव चालू ठेवीत. बंगालमध्ये कंपनीने शाह आलमच्या कारकिर्दीचे १९ वे वर्ष रुपयावर असेच गोठवून ठेवले होते. त्यामुळे नाण्यावरचे साल हा नाण्याचा जन्मदाखला समजू नये.

आणि मग ती प्रसिद्ध नाणी, ज्यांच्यावर १८१८ किंवा १७१७ साल, ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि राम-सीता, हनुमान किंवा लक्ष्मी असते. कंपनीने अशी नाणी कधीही पाडली नाहीत. ती देवळांबाहेर विकली जाणारी, अलीकडे बनवलेली पदके आहेत. ती ‘तांदूळ ओढतात’ असा दावा करणारा मनुष्य भेटला तर नाण्याकडे पाहूही नये.

पृष्ठभाग आणि भाव

चकाकणारे जुने नाणे पाहून हरखून जाऊ नये. दोन तऱ्हांची चकाकी असते. टांकसाळीतून निघालेल्या, न वापरलेल्या नाण्याला दिव्याखाली फिरवले की प्रकाशाचा एक पट्टा त्याच्यावरून गोल फिरताना दिसतो. चिंच, दही, राख किंवा भांड्यांच्या पावडरीने घासलेल्या नाण्याची चमक जागच्या जागी राहते, आणि भिंगाखाली सगळीकडे एका दिशेने जाणारे केसासारखे ओरखडे दिसतात. लक्ष्मीपूजनाला दरवर्षी धुतलेले घरातले रुपये बहुधा असेच असतात. घासलेल्या नाण्याला संग्राहक कमी भाव देतात, आणि विकणाऱ्याला हे पटवणे फार अवघड असते, कारण त्याच्या दृष्टीने त्याने माल उजळून आणलेला असतो. मी चांदीचा काळसर थर आणि तांब्याचा तपकिरी रंग असलेली नाणी पसंत करतो. तांब्यावरचा हिरवा, भुरभुरणारा, बोटाला लागणारा रोग मात्र टाळावा, तो पसरतो. नवा काळा रंग लावून नाणे म्हातारे केलेले असेल तर तो रंग फक्त खोलगट जागी साठलेला असतो आणि ओल्या कापसाला उतरतो.

भावाबाबत नवख्याची पहिली समजूत असते की जितके जुने तितके महाग. सातवाहनांची लहान शिशाची, तांब्याची नाणी सुमारे दोन हजार वर्षे जुनी आहेत, आणि त्यांतली झिजलेली नाणी साध्या माणसालाही परवडतात. १९३९ चा रुपया शंभरीही पुरी न करता त्यांच्या कितीतरी पटींनी महाग आहे. भाव ठरतो तो किती नाणी उरली, त्यांची अवस्था कशी आणि मागणारे किती यांवर. चांदीच्या रुपयाला मात्र एक पक्का तळ असतो. १८३५ पासून १९३८ पर्यंतच्या कुठल्याही पूर्ण वजनाच्या रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी आहे, तर १९४० ते १९४५ च्या रुपयात जेमतेम ५.८३ ग्रॅम. त्या दिवशीचा चांदीचा दर मोबाइलवर पाहून हा गुणाकार तिथेच करावा, आणि त्याच्यावरचे पैसे आपण नेमके कशासाठी देत आहोत हे स्वतःला विचारावे. कित्येक विक्रेते दोन्ही प्रकारचे रुपये एकाच ढिगात, एकाच भावाने ठेवतात. त्यात कधी आपला तोटा असतो आणि कधी, खरे सांगायचे तर, फायदाही.

‘जुन्या नाण्याला लाखो रुपये’ असे सांगून आधी नोंदणी किंवा कर म्हणून पैसे मागणाऱ्या जाहिराती सरसकट खोट्या असतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः याविषयी सावध केले होते. प्लास्टिकच्या सीलबंद डबीत, प्रमाणपत्रासह आलेले नाणे घेताना डबीवरचा क्रमांक ते प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन, तिथल्या छायाचित्राशी ताडून पाहावा. डब्याही बनावट निघतात.

कुठे शिकावे, कुठे थांबावे

बुधवारी आणि रविवारी भरणारा मंगळवार पेठेजवळचा जुना बाजार ही शिकण्याची उत्तम जागा आहे, पण पहिले सहा महिने तिथे खिशात भिंग न्यावे आणि पाकीट घरी ठेवावे. नाणी हाताळावीत, मनात वजनाचा अंदाज बांधावा, मग काट्याला विचारावे. हाताला अकरा ग्रॅमची ओळख पटायला फार वेळ लागत नाही. खरी नाणी पाहायची असतील तर मुंबईत फोर्टमधले रिझर्व्ह बँकेचे नाणे-संग्रहालय एका दिवसात पाहून परत येता येते. गंभीर अभ्यासाची ओढ लागली तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. याच नाशिक भागात, जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाच्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला होता, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. जिंकलेल्या राजाने हरलेल्याच्या चेहऱ्यावर ठोकलेला तो शिक्का एकदा नजरेखालून घातला की ठशावर ठसा कसा दिसतो हे कायमचे लक्षात राहते.

‘शेतात हंडा सापडला’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. त्याचे म्हणणे खोटे असेल तर नाणी खोटी आहेत, आणि खरे असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. अशी माणसे पारखायला म्हणून जे एक नाणे देतात ते बहुधा अस्सल असते. उरलेल्या पिशवीत काय आहे ते पैसे दिल्यावर कळते. शंभर वर्षांहून जुने नाणे कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ते खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, हेही परगावी राहणाऱ्या नातलगांना भेट देण्याआधी ध्यानात घ्यावे.

घेतलेले नाणे मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नये, काही वर्षांत त्यावर हिरवट चिकट थर धरतो. आम्लरहित कागदाचे लहान लिफाफे घ्यावेत, पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी, आणि प्रत्येक लिफाफ्यावर तारीख, दिलेली किंमत, वजन, व्यास आणि पाण्यातला आकडा पेन्सिलीने लिहावा. माझ्या डब्यातल्या पहिल्या लिफाफ्यावर ‘१८६२, १०.२४ ग्रॅम, पाण्यात १.१९’ असे लिहिले आहे. नवीन रुपया वाजवून पाहण्याआधी मी अजूनही तो बाहेर काढतो आणि आधी त्याचा आवाज ऐकून घेतो.